ठिपका हलवायचा नाही

२ डिसेंबर २०२४

आज मोजणीच्या ठिपक्यांची यादी आली. एक ठिपका आमच्याच घरामागे! डिंडोलीची खाडी, पलीकडच्या काठाला. टीमप्रमुख ललितभाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं — "ल्यो, जयश्रीबेन, तुमचं तर घरबसल्या जंगल निघालं!" सगळे हसले. मीही हसले. मग संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हा ठिपका दुसऱ्या कुणाच्या यादीत टाका, असं मी म्हणाले असते तर टाकला असता त्यांनी. ललितभाई तसे भले आहेत. मी म्हणाले नाही.

३ डिसेंबर

शेजारच्या सरलाबाई जिन्यात गाठून विचारतात, "तू जंगल मोजतीस म्हंजे करतीस काय गं? आन डिंडोलीत कुठलं आलं जंगल?" कालची बातमी आज जिन्यात. सासूबाईंच्या पोटात काही राहील तर शपथ!

सांगितलं. अख्ख्या देशावर एक जाळी टाकलीय — नकाशावर. जाळीच्या घराघरात यंत्राने ठिपके निवडलेत. ठिपका पडेल तिथे आम्ही जायचं. डांगच्या सागवानात पडला तर सागवानात, कुणाच्या गोठ्यामागे पडला तर गोठ्यामागे. झाडं काय फक्त जंगलातच असतात का? तिथे मधोमध उभं राहायचं, गोल आखायचा, आतल्या एकेका झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची. घेर लिहायचा, उंची लिहायची, जात लिहायची. मग मधल्या जागी लोखंडी खुंटी ठोकायची, जमिनीत पार आत, वरून माती लोटायची. दिसली तर लोक त्या झाडांना जपतील नाहीतर मुद्दाम तोडतील, आणि मोजणी खोटी होईल. पाच वर्षांनी दुसरी टीम येते, खुंटी शोधते, तीच झाडं परत मोजते. कुठलं वाढलं, कुठलं गेलं. अशा ठिपक्याठिपक्यांतून देशात जंगल किती ते ठरतं.

सरलाबाई म्हणाल्या, "येवढ्याचा पगार देतात?"

खाडीकाठी काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि दारापर्यंत आल्या.

आमच्यात तान्ही लेकरं जाळत नाहीत. तिकडे नेतात. मीठ, माती, वर दगड, त्यावर काटे — कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बायांनी जायचं नाही. आईने तर जागा विचारायचीही नाही. माझी मुलगी तिथे आहे. कुठे, ते मला माहीत नाही.

देशातल्या झाडांच्या जागा मी यंत्रात भरते!

८ डिसेंबर

सासूबाईंना विचारलं. भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

"कसाले इचारस तू? माटी व्हती, माटीमा गई. मायले दखाडतस नही. दखाडं तर दुसरं ऱ्हास नही."

आईला जागा दाखवली तर दुसरं मूल राहत नाही म्हणे. दुसरं तसंही कुठे राहिलंय, म्हटलं. तीन वर्षं झाली. तेव्हा मात्र भाकरी तव्यावर टाकायची राहिली. वाईट वाटलं मला. त्यांची पहिली नात होती. तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली होती त्यांनी, मला सगळं आठवतं.

पण राग कुणावर काढू? मी दवाखान्यात बेशुद्ध. शुद्ध आली तेव्हा सगळं उरकलेलं. "लई ग्यात, करी उनात," एवढं सांगितलं मला. नेलं, करून आले. बस! चेहरासुद्धा पाहिला नाही मी तिचा. सासरे त्याच हिवाळ्यात गेले, छातीच्या दुखण्याने. राहिला कुंदन. नवरा माझा. त्याला माहीत आहे, आणि तो सांगत नाही.

९ डिसेंबर

कुंदन कडोदऱ्याला कारखान्यात गेला तो मला न उठवता. चहा स्वतः करून घेतला. बरंच झालं. सकाळी सकाळी त्या गप्प तोंडाकडे बघवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सांगितलं!! त्याने सांगितलं!

मी भांडायच्याच तयारीने बसले होते. म्हटलं, बुधवारी त्या ठिपक्यावर जायचंय मला. माझ्या पायाखाली ती असेल आणि मला कळणार नाही. हे तुम्हाला चालतं? तुम्ही असले कसले बाप? जागा फक्त तुम्हाला माहीत, आणि तुम्ही ती मुठीत धरून बसलाय. मग रडूच कोसळलं. ठरवलं होतं रडायचं नाही म्हणून, पण नाही राहवलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. मग म्हणाला, "खाडीच्या काठाला सुबाभळीची रांग आहे ना. शेवटचं झाड. त्याच्या बुडाशी."

"नक्की?"

"हो जयू. नक्की."

एवढंच. उठून टॉवेल घेतला नि अंघोळीला गेला, खरं तर सकाळीच झाली होती. मी तिथेच बसून राहिले. शेवटचं झाड. शेवटचं झाड. माझ्या लेकीला आता पत्ता आहे.

१८ डिसेंबर

लिहू की नको? लिहिते. ही वही घरात कुणी वाचत नाही. कुंदनची शाळा गुजरातीत, सासूबाईंना अक्षर नाही.

ललितभाईंना ताप होता, म्हणून आज मोजणी माझ्यावर सोपवली. सोबत फक्त राघो — सामान वाहतो, खुंट्या ठोकतो, नंदुरबारकडचा आहे. यंत्राने ठिपक्यावर नेलं. ठिपका कुठे, तर एका गोदामाच्या मागच्या मोकळ्या जागेत. चिंध्यांचे ढीग, फुटके बॉबिन, एक वाळकं एरंडाचं झाड. आणि तिथून समोर, हाकेच्या अंतरावर, सुबाभळीची रांग.

ठिपका हलवायचा नाही — पहिल्या दिवशी शिकवतात हे. कितीही घाण असो, काटे असोत, तिथेच उभं राहायचं. ललितभाई नेहमी म्हणतात, "सगळे जर थोडे थोडे सावलीकडे सरकले, तर देशात जंगलच जंगल!" नवीन पोरापोरींना मीच हे ऐकवते. आणि आज मी चालायला लागले. राघो म्हणाला, "ताई, यंत्र तर हितं दाखवतंय." मी म्हटलं, चल तू.

शेवटचं झाड. बुडाशी दोन दगड होते. खरंच होते! काटे वाळून गेले असतील. मी टेप काढली आणि हातच चालेना. छातीच्या उंचीवर झाडाला मिठी घातल्यासारखेच हात न्यावे लागतात, मागून टेप पुढे आणायला. इतक्या झाडांना टेप लावली आजवर, कधी असं झालं नव्हतं. गाल लावून उभी राहिले. राघोने पाठ फिरवली. त्याला काय समजायचं ते समजलं असेल.

मग खुंटी ठोकायला सांगितली, झाडाला लागूनच. फोनमधलं ॲप लाल झालं — जागा चुकली, कारण लिहा. लिहिलं: मध्ये भिंत, ठिपक्यावर पोहोचता येत नाही. भिंत नाहीये तिथे.

खोटं लिहिलं मी. पण पाच वर्षांनी सरकारी माणसं येतील, शोधतील आणि तिच्यापाशी उभी राहतील. त्याच्या पुढच्या पाच वर्षांनी परत. मी असो नसो. आईला जायची बंदी आहे, टीमला थोडीच आहे!

१९ डिसेंबर

गाढ झोपले. किती तरी काळानंतर.

२९ डिसेंबर

रोज ऑफिसातून येताना खाडीवरून येते. जवळ जात नाही, पुलावरनंच बघते. शेंगा लागल्यात झाडाला. आज कुंदनला म्हटलं, चला ना दोघं जाऊ एकदा, लांबूनच. तो म्हणाला, "पाळी बदललीय माझी." रविवारी कसली पाळी? पण चिडले नाही मी. पुरुषांना बोलता येत नाही, असं सासूबाई म्हणतात. त्याच्या आवडीची शेवेची भाजी केली, झणझणीत. जेवला नाही नीट.

१४ जानेवारी २०२५

उत्तरायण. सगळी डिंडोली गच्चीवर, पतंग कापायला. "काट्यो छे!" करून कान किटले. सरलाबाईंनी उंधियू पाठवला. त्या सुबाभळीवर दोन पतंग अडकलेत, एक गुलाबी. पोरं काढायला चढली होती, मी पुलावरून ओरडले — उतरा रे, फांदी कच्ची आहे!

कच्ची. सुबाभळीची फांदी कच्चीच असते म्हणा.

२१ जानेवारी

तपासणी लागली. मी हलवलेल्या ठिपक्यावरच! ललितभाई म्हणाले, कारण लिहून जागा बदलली की दुसरी टीम येऊन बघतेच, नियमच आहे, घाबरू नका. भिंत आहे ना तिथे? मी हो म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले ते.

नोकरी गेली तर गेली. खुंटी काढू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते कुणाला सांगणार?

२४ जानेवारी, शुक्रवार

तपासणीवाल्या चंचलबेन. माझ्याच वयाच्या असतील, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बोलायला साध्या. गोदामामागे उभ्या राहिल्या, चहूकडे बघितलं. "भिंत कुठे आहे, बेन?" ललितभाईंनी मान खाली घातली. मीच म्हटलं, भिंत नाही. मीच सरकवला. का, ते सांगू शकत नाही.

ओरडल्या नाहीत. मला ओरडाच हवा होता. सुबाभळीपाशी गेल्या, टेप लावली, माझा आकडा बरोबर निघाला. मग म्हणाल्या, हे झाड किती वर्षांचं धरलंत? मी म्हटलं, पाच-सहा. त्या हसल्या — "सुबाभूळ छे, बेन! दोन पावसाळ्यांत घराएवढी होते." टॅबलेट उघडला. उपग्रहाची जुनी चित्रं असतात त्यात, वर्षावर्षाची. कुठे हिरवं वाढलं, कुठे घटलं ते जुळवायला. मीही रोज बघते. हीच जागा कधी उघडून बघितली नव्हती.

एकेक वर्ष मागे नेलं त्यांनी. मागच्या वर्षी रांग. त्याच्या आधी नुसता भराव, पांढरा, कोरा. त्याच्याही आधी —

"अहियां तो पाणी हतुं," चंचलबेन म्हणाल्या.

पाणी होतं. माझी मुलगी गेली त्या श्रावणात इथे पाणी होतं. खाडी होती. जमीनच नव्हती. भराव पडला वर्षभराने. दगडही भरावातलेच.

मी परत परत बघितलं. म्हटलं, चित्र चुकलं असेल. ललितभाई हळूच म्हणाले, चित्र नाही चुकत, बेन. ते मलाही ठाऊक आहे! दुसऱ्या कुठल्याही सुबाभळीचं वय मी घेर बघून सांगितलं असतं. या एकाच झाडाला मला विचारायचं नव्हतं.

राघोने खुंटी उपटली. निघता निघेना, मग पहार लावली. गोदामामागे, एरंडाजवळ, खऱ्या जागी ठोकली. मी टेपचं दुसरं टोक धरून उभी होते, कारण कुणीतरी धरायला लागतं.

ललितभाईंनी घरापर्यंत स्कूटरवर सोडलं. म्हणाले, रिपोर्टचं मी बघतो, तुम्ही सोमवारी या. त्यांचे उपकार आहेत.

कुंदन खोटं बोलला. माझ्या तोंडावर, लेकीच्या बाबतीत. कुठे पुरलीय तिला, की मला सांगायची त्याला लाज वाटते? काय केलंय त्याने तिचं? नाही नाही ते मनात येतंय.

२५ जानेवारी

विचारलं नाही. धीरच होत नाही. तो समोर बसून भात कालवत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते.

२६ जानेवारी

विचारलं.

कुंदनला माहीत नाही. तो गेलाच नव्हता. माझ्यासाठी रक्ताची बाटली मिळवायला शहरभर पळत होता तेव्हा. सासरे एकटेच तिला घेऊन गेले, आणि कुठे ते कुणालाच न सांगता वारले. त्याने एकदा विचारलं होतं त्यांना. "इचारू नको," म्हणाले.

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं मला? तीन वर्षं शिव्या का खाल्ल्या माझ्या?

"मलाही माहीत नाही म्हटलं असतं तर ती कुठेच राहिली नसती ना, जयू. माझ्यावर चिडायचीस तोवर तुला वाटत तरी होतं, की एका माणसाला माहीत आहे."