शेळी नसलेल्यांची पेंड

६ एप्रिल २०२१
कॅफे पुन्हा बंद. श्रीगोंद्यात एसटी स्टँडसमोर माझ्या नावाचं ‘पंकजा कॅफे’. चहा हे करतात, पण गिऱ्हाईक टिकतं गल्ल्यावरच्या माझ्या शिस्तीमुळे. राजकारण बोलायचं नाही. बशीत ओतून फुरके मारायचे नाहीत. कप संपला की उठायचं. पार्सलला परवानगी आहे म्हणे. देणार नाही. चहा काय गोडेतेल आहे, पिशवीतून न्यायला? माझं गिऱ्हाईक थांबेल. थांबलंच पाहिजे, कॅफे गेलं तर दिवसभर घरात बसून मी शिस्त लावू कुणाला?

२१ एप्रिल
समोर सूर्यभानचं पशुखाद्याचं दुकान. अत्यावश्यक म्हणून सकाळी उघडं. गर्दी जरा जास्तच. हनुमंत रोज आत जातो. त्याच्या दारात शेळीसुद्धा नाही. हटकलं तर म्हणाला, घ्यायची हाय काकू येक, आदी पेंड बघून ठिवतो. गोरक्षनाथ मास्तर दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनाही पेंड लागते.
नजर ठेवायची.

२ मे
आमच्या म्हशीचं दूध घटलं. हे म्हणतात, उन्हाळा आहे. मी बी.ए. आहे, उन्हाळा मला कळतो. सूर्यभानच्या पेंडीत भेसळ असणार. हे रोज स्वतः जाऊन थोडी थोडी आणतात. एकदम पोतं का नाही, विचारलं. म्हणाले, ताजी बरी असते.
म्हशीवर फार जीव त्यांचा.

१० मे, सकाळी
पेंडीच्या दुकानातून आलं-वेलदोड्याचा वास. शेजारच्या सुरेखाला विचारलं. म्हणाली, गुरांना सर्दी झाली आसंल, वहिनी. आणि तोंडाला पदर लावला. मास्क होता, तरी पदर.
म्हणजे सूर्यभान आत चोरून चहा विकतो. विकू दे. पेंड मोजणाऱ्या हाताला चव कुठली? माझी माणसं एक घोट घेऊन पस्तावली असतील. तरी उद्या धाड घालणार. ह्यांना सांगितलं. म्हणाले, उद्या नको, अमावस्या आहे. अंधश्रद्धा. जाणार.

११ मे
गेले. पोत्यांवर माझं सगळं गिऱ्हाईक. हातात बशा, फुरके, आणि नगरपालिकेचं राजकारण. मला पाहताच सगळे उठून उभे राहिले. मास्तरसुद्धा.
स्टोव्हपुढे आमचे हे. पातेल्यात आमच्या म्हशीचं दूध. म्हणाले, घेतेस का घोटभर?
घेतला. चव आपलीच होती.
घरी आल्यावर जाब विचारला. म्हणाले, तिथं बोलता येतं गं. कशाबद्दल बोलायचं असतं कोण जाणे.
एकूण, सूर्यभानने भोळ्या माणसाला राबवून घेतलं. दुसरा अर्थ निघत नाही.

८ जून
कॅफे उघडलं. टेबलं स्वतः पुसली. नियमांची पाटी नव्याने रंगवून घेतली. हे शेगडीवर, मी गल्ल्यावर. सांगितलं होतं तसंच झालं, सगळे परत आले. हनुमंत, मास्तर, सगळे.
सगळ्यांनी पार्सल मागितलं. पहिला दिवस, म्हणून दिलं. समोर पेंडीच्या पोत्यांवर खांद्याला खांदा लावून प्यायले. मास्क हनुवटीवर.
लोकांच्या मनातली कोरोनाची भीती अजून गेलेली नाही. त्यामुळे आत बसायला धजत नाहीत. जाईल हळूहळू.
दुपारी ह्यांनीही एक पार्सल बांधून घेतलं. म्हणाले, आलोच, म्हशीची पेंड संपली आहे.