ते कोड होतं, अक्का

धुळे, मार्गशीर्ष

माझ्या अक्काला,

तू गेलीस तेव्हा मला धड लिहितावाचता येत नव्हतं. आता येतं. तरी एवढ्या वर्षांत तुला दोन ओळी लिहाव्यात असं कधी झालं नाही. खरं सांगू? तुझी आठवण आली की मी उठून दुसऱ्या कामाला लागायची. पण सोमवारी दवाखान्यात जे झालं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कुणाला सांगू? तुलाच सांगते.

तुला माझं पुढचं काहीच ठाऊक नाही. माझंही लग्न झालं, आणि तीन वर्षांत कपाळ पांढरं झालं. मामांनी मला इथं धुळ्याला एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली लावलं. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे कातडीचेच रोगी फार येतात. खरजेला गंधकाचं मलम मी देते आणि दिवसभर एकच ओरडत असते, "एकट्या पोराला लावून भागायचं नाही! घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, कपडे-गोधड्या उकळून काढा!" नायट्यावर घासलेट चोळून येणारे तर किती. त्यांना मी रागावते. मी रागावते, अक्का! जिनं तुझा हात धरून ठेवला होता, ती.

तुझे हात आठवतात मला. आखाजीच्या सणाला पिंप्राळ्यात आपल्या घरी आलीस की मांडे तूच करायचीस. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत एवढा मोठा करायचीस की खालचं पालथं खापर दिसेनासं व्हायचं. आबा म्हणायचे, "पोरीच्या हातात जादू आहे." तू नुसती हसायचीस. एवढं हसू नको म्हणून माय ओरडायची, तरी हसायचीस.

मग शिरपूरला, तुझ्या सासरी, सणाच्या दिवशी तुझ्या बोटांवर ते पांढरे ठिपके दिसले. दुधासारखे पांढरेशुभ्र. तू केलेले सगळे मांडे तुझ्या सासूनं गोठ्यात नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी ती तुला बैलगाडीत घालून निघाली आणि पिंप्राळ्याला आपल्या दारातूनच आबांना म्हणाली, "हाई महारोग शे. तुमनी पोर तुम्हीच सांभाया." ती गाडीतून खालीसुद्धा उतरली नाही.

तू काहीच का बोलली नाहीस गं? निदान दोन शब्द! मान खाली घालून, पदरात हात लपवून उभी राहिलीस. तुलाही ते खरं वाटलं होतं का?

आबांनी शेतात कपाशीच्या बांधाला तुझ्यासाठी झोपडी घातली. वेगळी थाळी, वेगळा माठ. भाकरी घेऊन मीच यायची. बारा वर्षांची होते मी. बांधावर फडकं ठेवायची आणि मागं सरायची. तू म्हणायचीस, "गंगू, बस ना जरा. लांब बस, पण बस." आणि मी म्हणायची, "माय वाट पाहते." माय वाट पाहत नव्हती, अक्का. मला भीती वाटायची. तुला ते कळत होतं, हे मलाही कळत होतं.

पोळ्याच्या सुमारास एक वैदू आला. म्हणाला, डाग जाळून काढले तर रोग आत शिरणार नाही. त्यानं बिब्बा तापवून त्याचं काळं तेल काढलं. मायनं तुझा कोपर धरला, मी मनगट. त्या दिवशी, किती महिन्यांनी, मी तुला हात लावला. आणि तो असा!

तू किंचाळलीस, "माय वं, आग व्हस! गंगू, सोड माले! सोड!"

मी नाही सोडलं. माय रडत होती आणि म्हणत होती, "सोडू नको." मी दोन्ही हातांनी आवळून धरलं.

तुझा हात खांद्यापर्यंत सुजला. फोड फुटले, पू झाला, ताप चढला. आठव्या दिवशी तू गेलीस. गाव म्हणालं, महारोगानं नेली. आम्हीही तेच म्हणालो.

आता सोमवारचं सांगते. पिंपळनेरकडून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. ठगी तिचं नाव, वय सोळा-सतरा. हातावर आणि ओठाच्या कडेला पांढरे डाग. सासू दूर उभी. "बाई, हिला महारोग आहे, एवढं लिहून द्या. आम्ही हिला माहेरी पोचवतो."

बाईंनी काही लिहिलं नाही. ठगीला खाटेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कोंबडीचं एक पीस घेऊन डागावरून हळूच फिरवलं.

"कुठं लागलं? बोट ठेव."

ठगीनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. दुसऱ्या डागावर, तिसऱ्या डागावर, तेच. चौथ्याला तर ती हसलीच. "गुदगुल्या होतात!" मग बाईंनी दोन नळ्या आणवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. तेही ठगीनं अचूक ओळखलं.

बाई सासूला म्हणाल्या, "महारोगाचा डाग असा दुधासारखा पांढरा नसतो. फिकट नाही तर तांबूस असतो, आणि तो बधिर होतो. टोचलं, भाजलं तरी तिथं कळत नाही. हिला सगळं कळतंय. हे कोड आहे. कातडीचा रंग गेलाय, एवढंच. हे कुणाला लागत नाही."

भाजलं तरी कळत नाही.

माझ्या हातातली नळी खाली पडून फुटली. तुला कळत होतं, अक्का! तू गाव गोळा होईल एवढ्यानं ओरडत होतीस, आणि तुला रोग नाही हे त्या ओरडण्यातच होतं. आम्हीच बहिरे.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं. मग म्हणाल्या, "लहान होतीस तू." सगळे असंच म्हणतील. तू म्हणशील का?

माय अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही तिला. दिवा लावताना अजून म्हणते, "महारोगानं नेली माझी पोर." काल पिंप्राळ्याला जायला निघाले होते, तिला सांगायचं म्हणून. मोटारीच्या थांब्यावरून परत आले. कुणाच्या हातानं तू गेलीस, हे तिला या वयात कळून काय होईल? मी नाही सांगणार. ते ओझं माझ्या एकटीकडे राहू दे. हे चुकत असेल तर रागाव माझ्यावर. निदान आता तरी रागाव!

ठगीच्या सासूला बाईंचं पटलं नाही. जाताना पुटपुटली, "दवाखान्यात काहीही सांगतील. गावाला कोण पटवणार?" ठगी मागं वळून माझ्याकडे पाहत गेली.

गावाला मी पटवणार, अक्का. बाईंनी मला दोन दिवसांची सुट्टी दिली आहे. उद्या सकाळच्या मोटारीनं मी त्यांच्या गावी जाते. त्यांच्या ओट्यावर बसून, चार माणसं जमवून, पहिल्यांदाच उघड सांगेन : यमुना माझी सख्खी बहीण. तिला महारोग नव्हता. तिला आम्ही मारलं. ऐकलं नाही त्यांनी तर पुढच्या महिन्यात परत जाईन. हाकललं तरी जाईन.

तुझी,
गंगू