हरले, पण चालले किती सुरेख!

…म्हणूनच म्हणतेय आत्या, मी चुकले नाही. हेच तुला फोनवर पटवत होते, तर नेमका तुझ्या दारात प्लंबर आला आणि तू "बरं बरं, तू म्हणतेस तसं" म्हणून फोन ठेवलास. हे "बरं बरं" मी चांगलं ओळखते. बाबापण तेच म्हणतात. तुमच्या घराण्यात ते 'नाही'च्या जागी वापरतात. म्हणून पत्र लिहितेय. पत्राच्या मध्ये कितीही प्लंबर आले तरी मी बोलायची थांबणार नाही.

अगं, नमस्कार राहिलाच! तर तीर्थरूप आत्या (की तीर्थस्वरूप? आमच्या शाळेत पत्र 'डिअर सर'नं सुरू व्हायचं आणि तापामुळे सुट्टी मागून संपायचं, त्यामुळे जे मोठं असेल ते स्वतःला लावून घे), साष्टांग नमस्कार. तुझं बीपी खाली आणि काकांचा आवाज त्याच्याही खाली असेल अशी आशा करते. काकांच्या दाढेचं काय झालं? आम्ही इकडे सगळे मजेत, म्हणजे आई मजेत. बाबा आणि मी सध्या कारागीर काकांमार्फत बोलतो. ते दोन्हीकडची वाक्यं धुऊन, मऊ करून पोचवतात, त्यामुळे भांडण काही नीट होत नाही.

तू दुकानात येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आधी नकाशा समजून घे. पुढे काच, काचेत फळा (त्यावर बाबा 'जेवायला गेलोय' एवढंच लिहितात), आत काळी रबरी पट्टी, बारा फूट लांब. ज्यांचा पाय, गुडघा, कंबर दुखते ते त्या पट्टीवर चालून दाखवतात आणि बाबा समोर बुटक्या स्टुलावर बसून बघतात. मग पायाचा ठसा घेऊन बुटात घालायचा सोल कसा बनवायचा ते ठरवतात. मागच्या खोलीत, पडद्याआड, कारागीर काका आणि मी. ते कापतात, चिकटवतात, मी मशीनवर घासते. तीन वर्षं घासतेय. कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं (मशीनच्या वर, त्यामुळे त्यावरचं नाव आता धुळीखालीच आहे), एका पायातली सव्वीस हाडं झोपेत म्हणून दाखवीन, पण गिऱ्हाइकांसाठी मी म्हणजे पडद्यामागची घरघर. मला ते स्टूल हवंय, आत्या. फक्त नऊ इंच उंच आहे. बाकीच्या जगात बढती मिळाली की माणूस वर चढतो, आमच्याकडे लोकांच्या पायाशी बसतो. तरी हवंय. आणि विचारलं की बाबांचं एकच: "तुझी नजर अजून बसली नाही." नजर कधी बसणार? डोळ्यांपुढे तीन वर्षं पडदा लावल्यावर नजर बसेल कशावर?

अशात फुटबॉलचा वर्ल्ड कप आला. मला वाटलं, नजर दाखवायला ह्याहून मोठी पट्टी कुठे मिळणार? शंभर मीटर लांब, हिरवीगार, आणि वर जगातले सगळ्यात महागडे पाय. तुला देशांची नावं सांगून उपयोग नाही (मागची अख्खी फायनल तू रेफ्रीला तिसरी टीम समजून बघितलीस), म्हणून रंगानं सांगते. सगळ्या जगाचा लाडका रंग पिवळा. पेपर पिवळ्यांच्या बाजूनं, टीव्ही पिवळ्यांच्या बाजूनं, आमचे पीटीचे सर तर जन्मापासून पिवळे. पण हे सगळे लोक बघतात पळणं! पळताना पाय नटूनथटून येतात गं, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे. खरं काय ते चालताना बाहेर पडतं. म्हणून मी सराव सामन्यांत फक्त चालणं बघितलं. मैदानात येताना, गोल खाऊन परत जाताना, आणि रेफ्रीशी भांडायला जाताना (तेव्हा माणूस सगळ्यात खरा चालतो). अकरा मॅचेसमध्ये मी एकही गोल बघितला नाही. गोल झाला की मी दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरकडे बघत असायचे, कारण तो बिचारा निवांत चालत असायचा.

आणि मला दिसलं! पिवळ्यांचा नऊ नंबर, ज्याच्या जिवावर सगळी उडी, तो डावं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकतो. किक मारल्यावर पुढचं पाऊल अर्धंच पडतं. मी कारागीर काकांना म्हटलं, हा घोटा तिसऱ्या मॅचच्या पुढे जात नाही. ते म्हणाले, "आपल्याकडे पाठवायला पाहिजे त्याला." उलट निळे! आत्या, निळे चालले की डोळे निवतात. अकराच्या अकरा जणांची टाच सरळ, गुडघा सरळ, जसं काही एकाच आईनं बोट धरून चालायला शिकवलंय. बाबा जेवायला गेले होते, मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'वर्ल्ड कप निळे जिंकणार. कारण आत विचारा.'

लोक खरंच आत विचारायला आले! बाबा आधी खूश होते. मग पीटीचे सर आले. (हे तेच, ज्यांनी सहावीत मला रिलेतून काढलं होतं, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून. आठ वर्षं आमचे सोल घालतात आणि आठ वर्षं गुडघा धरून पायरी चढतात.) सर भर दुकानात बाबांना म्हणाले, "पोरीला आवरा हो. उद्या आमच्या पायाचं भविष्य सांगायला लागेल." सहा गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. बाबांचं काय झालं माहीत नाही, माझी बाजू घ्यायची की सरांची हे ठरेना बहुतेक, म्हणून त्यांनी दोन्ही घेतल्या. म्हणाले, "निळे जिंकले तर एक तारखेपासून स्टूल तिचं. नाही जिंकले तर आणखी एक वर्ष मशीन, आणि तोंड बंद." मी म्हटलं, चालेल. सहा साक्षीदार. एक जण तर पायाचा ठसा देत होता, तो तसाच फोममध्ये रुतलेला उभा राहून म्हणाला, "मी ऐकलंय हं!"

पहिल्या मॅचला नऊ नंबरनं तीन गोल मारले. सर चॉकलेटं वाटत आले, मला दोन दिली. दुसऱ्या मॅचला पुन्हा एक. सर म्हणाले, "घोटा कसा आहे गं त्याचा?" मी म्हटलं, वाकडा. तिसरी मॅच दुपारची होती, दुकानातल्या टीव्हीवर सगळे बघत होतो. एकतिसावं मिनिट. जवळ कुणी नाही, धक्का नाही, काही नाही. नऊ नंबर खाली बसला आणि त्यानं डावा घोटा धरला. आत्या, मी उडीच मारली! "बघा! बघा! बाहेरची कड!" असं ओरडत मी पट्टीवरून नाचत गेले. मग लक्षात आलं की टीव्हीवर तो माणूस रडतोय आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत जसं काही मीच मागच्या खोलीतून त्याचा पाय ओढला. तेव्हापासून मी काळ्या जिभेची. कुणी माझ्यासमोर चालायलाच तयार नाही. एक बँकेतले साहेब पडद्यातून मला बघून पाठ न वळवता, मागे मागे चालत दुकानाबाहेर गेले. (टाचेत दोष आहे त्यांच्या. उलटं चालूनसुद्धा दिसला.) एका बाईंनी हळूच येऊन विचारलं, "माझं अजून किती दिवस?" मी म्हटलं, बाई, तुमचा फक्त बूट घट्ट आहे.

आता फायनल. निळे विरुद्ध पिवळे, म्हणजे माझं अर्धं भविष्य खरं ठरलेलं आणि अर्धं मैदानात. नऊ नंबरच्या जागी पिवळ्यांनी एक एकोणीस वर्षांचं पोरगं घेतलं होतं. कसं चालतं म्हणून सांगू! चवडे आत, टाचा बाहेर, गुडघे एकमेकांना "तू आधी, नाही तू आधी" म्हणतायत. आमच्या शास्त्राप्रमाणे त्याला स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन बाहेरच्या खोलीपर्यंत येता येऊ नये. त्यानं दोन गोल मारले. दुसरा तर पडता पडता मारला, म्हणजे तो पडणार हे माझं बरोबरच होतं, फक्त बॉल मध्ये आला. निळे दोन-शून्यनं हरले. पण आत्या, हरून परत जातानासुद्धा काय चालत गेले गं! टाच, तळवा, चवडा. टाच, तळवा, चवडा. माना खाली, पण पावलात एक चूक नाही. मला विचारशील तर जिंकले तेच.

बाबांना विचारलं नव्हतं तरी त्यांनी सांगितलं, "ठरलं ते ठरलं." मी म्हटलं, नजरेची परीक्षा होती ना? मग घोटा कुणाला दिसला? दिवसभर टीव्हीवर कोट घालून बोलणाऱ्यांना दिसला? बाबा म्हणाले, "फळ्यावर घोटा लिहिला होतास की कप?" (हा मुद्दा बरोबर आहे, पण तो मी मान्य केलेला नाही.) तर मी फळा पुसू देत नाहीये. 'निळे जिंकणार' तसंच आहे, पुढे मी फक्त 'कधीतरी' जोडलं. सगळी गल्ली हसते, हसू दे. बाबा ओला फडका घेऊन आले की मी मध्ये उभी राहते, मग कारागीर काका दोघांच्या मध्ये उभे राहतात. ह्या सगळ्यात 'जेवायला गेलोय' लिहायला जागाच नाही, त्यामुळे लोक भर दुपारी येऊन काच वाजवतात. वाजवू देत. मशीन मी चालवतेय, शब्दाची पक्की आहे, पण तोंड बंद ठेवायचं काही जमत नाही.

मला तुझ्याकडून काहीही नको. तू फक्त मनातल्या मनात म्हण की पोरगी बरोबर होती. काकांना नमस्कार, दाढेला शुभेच्छा.

तुझी (न चुकलेली) भाची

ता. क. काहीही नको असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण एक सांगायचं राहिलं. फायनलनंतरच्या मंगळवारी बाबा जेवायला गेले असताना काच वाजली. पीटीचे सर. मला वाटलं चिडवायला आले. त्यांनी आधी बाहेर बघितलं, मग आत बघितलं, मग म्हणाले, "तो नऊ नंबर कुणी हात न लावता खाली बसला ना, तेव्हापासून मला झोप नाही. जरा बघतेस?" मी स्टुलावर बसले, आत्या. पहिल्यांदा. सर चालले आणि मला तिसऱ्या पावलाला दिसलं. गुडघ्यात काही नाहीच. डावा पाय आठ मिलीमीटर आखूड आहे. बाबा आठ वर्षं गुडघ्याकडे बघत होते, मी फायनलला हरल्यामुळे मान खाली घालून बसले होते म्हणून आधी टाचाच बघितल्या. बुटात टाचेखाली पाच मिलीमीटरचा तुकडा घातला (सगळे आठ एकदम घालत नाहीत). कुणाला सांगायचं नाही अशी शपथ सरांनी मला घातली (जिंकलेला माणूस हरलेल्याकडे इलाजाला येतो म्हणजे काय!). पुढच्या आठवड्यात सर कठड्याला हात न लावता दुकानाच्या पायऱ्या चढून आले आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही." बाबा लाजून म्हणाले, "बरं बरं." मी आत मशीन सुरू केलं. त्यावर काही नव्हतं, नुसतंच सुरू केलं.

ता. क. दोन. बाबांना सांगू शकत नाही. शपथ आहेच, पण ती मी मोडली असती. खरं म्हणजे आठ वर्षं आपल्याला दिसलं नाही हे कळलं तर ते त्या स्टुलावर स्वतःच परत बसायचे नाहीत, आणि मला ते स्टूल तसं नकोय. म्हणून, एवढंच कर, चार दिवस इकडे ये. दुकानात शिरताना थोडी लंगड, आणि सांग, "माप पोरगीच घेईल." तू मोठी बहीण आहेस, तू त्यांना एकदा कपाटात कोंडलं होतंस म्हणे, तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. फार लंगडू नकोस, नाटक त्यांना लगेच कळतं.

ता. क. तीन. नाटकाची गरज पडणार नाही. परवा तू नव्या पडद्यांचा व्हिडिओ पाठवलास, त्यात शेवटी फोन टेबलावर ठेवून तू खिडकीपर्यंत गेलीस. सहा पावलं. मी ती चाळीस वेळा बघितली. उजवा पाय तू टेकवतेस आणि लगेच उचलतेस, तापलेल्या फरशीवर टेकवावा तसा. मला कंबरेचं वाटतंय, आणि आजचं नाही वाटत. काकांनाही बोललेली दिसत नाहीस. बाबांना मी व्हिडिओ दाखवलेला नाही. ह्या एका वेळेला माझं भविष्य साफ खोटं ठरलं तर मी स्वतःच्या हातानं फळा पुसीन. पण "बरं बरं" म्हणू नकोस, नीट सांग: मी चुकतेय का गं?