बेअरिंगवर अडकलेला धागा

वारंगा फाटा, मंगळवार, दिवेलागण

कुरुंद्याच्या काशीमावशींचं ट्रॅक्टर झालं एकदाचं सुरू. उद्या त्यांच्या हळदीच्या पॉलिशचा ढोल त्यावरच फिरायचा आहे.

सकाळी नव्या बेअरिंगचं भोक इंजिनातल्या ऑइलच्या भोकासमोर बराबर येत नव्हतं. गोल कानशीनं मोठं केलं, कडेवरून बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं. बसवणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली शोभा म्हणाली, "थांबा. घट्टे पडलेल्या तुमच्या बोटाला आता काय कळून राहिलंय? कापूस फिरवा."

चिडलोच मी. ऑइलच्या वाटेत कापूस? पण बायको कुठं ऐकती! वातीचा कापूस आणून तिनंच कडेवरून फिरवला. एक धागा अडकला. तिथं धातूचं बारीक कुसळ उभं होतं. तसंच बसवलं असतं, तर क्रँकवर चरे पडले असते, आणि मावशींची हळद तशीच पडून राहिली असती.

धागा बोटानं काढला, पुन्हा घासलं, डिझेलनं धुतलं, हवा मारली. इंजिन काय सुरेख चाललं! आणि मी शोभाला काय म्हणालो? चहा पांचट झाला. काहून असं? तिच्यामुळं आज लाज राहिली, हे तोंडातून निघालंच नाही.

आत्ता दिव्याखाली बघतो तर तो धागा माझ्याच बोटाला चिकटलाय. दिसतो, पण लागत नाही.