चहा छान झाला होता

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. (वाकले की उठताना हल्ली टेबल धरावं लागतं, तेव्हा निम्मा नमस्कार इथूनच घे. उरलेला तू समोर आलास की करीन.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? फोन सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. आपलं घर केवढं आहे ते तुला ठाऊकच आहे. केमोने आईचे केस नेले, भूक नेली, पण कान होते तसेच ठेवले. मी न्हाणीघरात नळ सोडून बोलले, तरी बाहेर आल्यावर ती विचारते, काय म्हणत होता दादा?

तिसरी केमो पार पडली. धाकटा गाडी चालवतो, मी आईजवळ बसते, आणि बाबा बाहेरच्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसतात. (आत एकालाच सोडतात, आणि सुई टोचताना बाबा स्वतःच पांढरे पडतात.) खिडकीला लागून आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येकीत एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर टांगलेली सलाइनची पिशवी. आईचं लक्ष स्वतःच्या पिशवीकडे कधीच नसतं. शेजारच्या बाईची संपत आली की मशीन वाजण्याआधी हीच नर्सला हाक मारते. नर्स म्हणाली, आजी, तुम्हाला इथे कामाला ठेवू का? आई म्हणाली, ठेव, पण आधी ही सुई काढ. त्या दिवशी रांगेतली सगळी माणसं हसली. 

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्या केमोनंतर तिची चव गेली. सगळं चमचा चाटल्यासारखं लागतं म्हणते, पाणीसुद्धा. पण उभं राहवेल त्या दिवशी स्वयंपाक तीच करणार. तिच्या हातातून डाव काढून घ्यायची कोणाची छाती नाही. पहिल्या दिवशी भाजी अशी खारट झाली की जीभ आक्रसली. आईने विचारलं, कशी झालीय? आणि आयुष्यभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून कोणाला एका किलोची सूट न देणारे आपले बाबा म्हणाले, छान झालीय. झालं! बाबाच म्हणाले म्हटल्यावर आम्हीही म्हणालो. कोणी ठरवलं असं नाही, पण तेव्हापासून या घरात रोज सगळं छानच होतं.

त्याचे परिणाम ऐक. भावजय भाजीच्या फोडी पाण्याच्या पेल्यात बुचकळून खायला शिकली, तेही आईची पाठ वळायच्या आत. धाकटा प्रत्येक घासाला पोळीची अशी जाड घडी करतो की भाजी आत सापडत नाही. बाबांचं ब्लड प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ जास्त होतंय का? बाबा म्हणाले, छे, बेताचंच. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आईने मीठ वाढवलं. शेवटी बाबांना बाकावरच चक्कर आली, आणि वरच्या मजल्यावर आईला सलाइन चालू असताना खालच्या मजल्यावर त्यांना दंडाला बीपीचा पट्टा बांधून निजवलं होतं. मी जिन्यातून वर-खाली करत होते. आईला सांगितलं, बाबा चहा प्यायला गेलेत. (या घरात खोटं बोलायचं झालं की चहा कसा मध्ये येतो, देव जाणे.)

परवा डॉक्टरांनी स्कॅनचा रिपोर्ट दिला. गाठ लहान झालीय. हे खरं आहे, दादा. मी शब्दकोश घेऊन प्रत्येक ओळ वाचलीय. आम्ही उड्या मारत घरी आलो, आईला सांगितलं. ती उठली, सगळ्यांसाठी चहा केला, कप हातात दिले आणि विचारलं, कसा झालाय? पहिला घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, छान. भावजय म्हणाली, मस्त. मीही मान हलवली. आपल्या धाकट्याने तर आणखी अर्धा कप मागितला!

आईने तिचा कप खाली ठेवला. "साखरेऐवजी मीठ घातलंय त्यात," ती म्हणाली. "जिभेने कळत नसलं तरी डबा मला डोळ्यांनी दिसतो. आता सांगा, गाठ किती लहान झालीय? या चहाइतकी छान?"

धाकट्याच्या हातात दुसरा कप तसाच राहिला. आई म्हणाली, गुरुवारी मी येणार नाही. बरं व्हायचं नसेल तर उगाच सुया कशाला टोचून घेऊ? डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणते, त्यांनाही तुम्हीच पढवलंय.

तिला मी दोष देऊ शकत नाही. ह्यांच्या शेवटच्या आजारात सगळे मला ‘सुधारणा आहे’ असंच सांगत होते. डॉक्टर म्हणाले, दीर म्हणाले, हे स्वतःही म्हणाले. मी घरी बसून त्यांचे ऑफिसचे शर्ट इस्त्री करून ठेवत होते. ते शर्ट मग तसेच घडीत राहिले. मला कोणी खरं सांगितलं असतं, तर मी इस्त्री बंद करून त्यांच्याजवळ जाऊन बसले असते. एवढंच मला हवं होतं. आणि तरीही मी तो चहा प्याले.

म्हणून गुरुवारच्या आत तू ये. लहानपणी आईने रात्रंदिवस विणलेला स्वेटर घालून, एक बाही माकडाच्या हाताएवढी लांब आहे, असं पाहुण्यांसमोर सांगणारा तू. तुझ्या जिभेवर तिचा अजून विश्वास आहे. जेवायला बस, खारट आहे म्हण, मग रिपोर्ट वाचून दाखव. तुझं ती ऐकेल.

बाबांचे आशीर्वाद. धाकटा तुझ्या नजरेला नजर द्यायला तयार नाही, पण नमस्कार सांगतो.

तुझी,
बहीण

ता. क. : येताना साधे मऊ सुती रुमाल आण. डोक्याला बांधायला तिला तेच बरे वाटतात. इथले टोचतात.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालून मी स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती. मी म्हणाले, आई, कालची भाजी खारट होती. ती म्हणाली, आणि परवाची? तीही, म्हणाले. त्याच्या आधीची? खूपच. मग तिने रिपोर्टचं विचारलं. मी सांगितलं, गाठ लहान झालीय, पण गेलेली नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि डॉक्टरांनाही नाही. आईने मिठाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, आजपासून मीठ तू घाल. आणि गुरुवारच्या पिशवीत माझी जाड शाल टाक, त्या खोलीत फार गार असतं.

तेव्हा तुझ्यावाचून आता तसं काही अडलेलं नाही. सवडीने आलास तरी चालेल.

(वरच्या दोन ओळी त्या चहासारख्या आहेत, दादा. ये.)