हिजरी सालाला गुढी

२५ जून २०२५, बुधवार
आज घरात आलं: बॅनर एक – ९००. पेढे तीन किलो – १५६०. फटाक्यांची माळ – ३५०. कशाला? तर परवा मुसलमानांचं नवीन वर्ष, आणि आमच्या ह्यांना पंचायतीला उभं राहायचंय! बॅनरवर हात जोडलेले हे, आणि बाजूला – गुढी! "पाडव्याचं डिझाइन तयारच होतं, शंभर कमी घेतले." काटकसर मी शिकवली, ती ही अशी फळली.

पोटच्या पोरीला मात्र पेढ्याचा कणही नाही. सिद्धीने प्रशांतशी लग्न केलं, सिंधुदुर्गातल्या ट्रक ड्रायव्हरशी. आठ महिने झाले. ह्यांचं एकच – "गेली त्या दिवशी मेली." माझ्या मोबाइलमधून तिचा नंबरही ह्यांनीच काढला.

२६ जून
चंद्र दिसतो का बघायला हे दर दहा मिनिटांनी अंगणात. संकष्टीला कधी मान वर केली नाही!

२७ जून
फजिती! माझी पोलकी शिवणाऱ्या जुलेखाबायच्या दारात हे पेढे आणि बॅनर घेऊन उभे. माळ लावली – सर्दलेली. फुस्स!

जुलेखाबाय तोंडाला पदर लावून हसली. "गोकुळदासबाब, आमच्यात फटाके नसतात हो. हा महिना करबलाच्या दुःखाचा. आणि गुढी कोणाची ती, आमची?"

हे चिडले. "मग साल मोजता कशापासून? जन्मापासून? लढाई जिंकल्यापासून?"

"नाही बाब. पैगंबरसायब मक्का सोडून मदिनेला गेले, त्या वर्षापासून. आपल्याच गावात जगणं कठीण केलेलं त्यांचं."

"घर सोडल्याचं कोण साजरं करतो!"

"साजरं कुठे, बाब? मोजतो."

पेढे परत आणले! अर्धा किलो स्वतःच संपवले.

रात्री झोप नाही. आठ महिने मी पण मोजतेच आहे.

२८ जून
जेवताना म्हटलं, सिद्धीला बघून येते. "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर परत यायचं नाही!"
ह्यांना आणखी भात वाढला.

२९ जून
देवीला प्रसाद लावला – मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. भटजींनी विचारलं, "निवडणुकीचा काय?" हो म्हटलं. देवी क्षमा करील.

३० जून
सिद्धीला पत्र टाकलं. पत्ता लग्नपत्रिकेवरचा – ती मी पिठाच्या डब्यात ठेवलेली. शेवटच्या ओळी इथे उतरवते:

"लेकीकडे आईने राहू नये म्हणतात, म्हणोत. दोन लुगडी, देवीची तसबीर आणि मी, एवढंच येईल. प्रशांतला विचार. कुठल्या बसला बसू ते जुलेखाबायच्या पत्त्यावर उलट टपाली कळव."