देवगाव फाट्यापत्तुर

ऐका, शेडमदी गाडी दिसली न्हाई तर बोंबलत सुटू नका. आमी सासरा-सून देवगाव फाट्यापत्तुर चाललोत. भाकरी टोपल्यात हाय, पिठलं गरम करून घ्या.

तुमी जीपचा कार्बोरेटर बसवल्यापासून इंजन लय गोड चालायलंय. ब्रेकचं तेल बदलताना "गौरा दाब, गौरा सोड" म्हणत दर बारीला मलाच आत बसवलंत, पेडल पायाला पाठ झालंय. गेर आप्पांनी शिकवले, तुमी बाजारात गेल्यावर. सायबाची हीच गाडी त्यांनी जलमभर चालवली. आत्ताबी आत बसून, डोळे मिटून रस्ता सांगायलेत. आधी चिंचंची झाडं, मग नाला, मग करडीची रानं. गाडीला टप न्हाई ते बरंच, वारं तोंडावर येईल.

तुमी म्हणता, रंग होऊ दे, मग आप्पांना फिरवू. त्यापायी सगळा पत्रा खरवडून ठेवलात. पर त्यांना दिसत न्हाई, काल बोनेटवर हात फिरवत त्यांनी इचारलं, "गौरा, गाडी अजून लालच हाय ना?"

मी हो म्हणले.

शिटं दोनच हायेत, तवा तुमी सायकलवर मागून या. त्यांनी इचारलं तर तुमीबी लालच सांगा.